सेटरचा सुपरवायझर झालात, आता हातातला पाना खाली कसा ठेवायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय 31, मेकॅनिकल डिप्लोमा, चाकणच्या एका ऑटो-पार्ट कारखान्यात आठ वर्षं सीएनसी सेटर, म्हणजे संगणकावर चालणारी मशीन कामासाठी जुळवून देणारा. पाच महिन्यांपूर्वी त्याच लाइनवर शिफ्ट सुपरवायझर केलं. हाताखाली 22 माणसं. 9 कायम, बाकी कंत्राटी आणि ट्रेनी. ‘काल सोबत डबा खाणारे आज सांगितलेलं मनावर घेत नाहीत. वयाने मोठे एक सेटर आहेत, ही जागा त्यांना हवी होती. तोंडावर काही बोलत नाहीत, पण मदतही करत नाहीत. मी शिफ्टभर धावतो, सुटल्यावर दोन तास जास्त थांबतो, तरी रोज प्रॉडक्शन कमीच. आता कडक व्हावं का?’

मी 27 वर्षं मशीन शॉपमध्ये काढली. भोसरीत ऑपरेटर म्हणून लागलो, सेटर झालो, मग सुपरवायझर, आणि शेवटची बरीच वर्षं प्रॉडक्शनची जबाबदारी माझ्याकडे होती. या काळात तीस-पस्तीस सुपरवायझर जवळून घडताना पाहिले, काही जण कंटाळून पुन्हा सेटर झालेलेही पाहिले. तुम्ही जे लिहिलंय ते बहुतेकांच्या पहिल्या वर्षात होतं. त्यामुळे ‘मला जमतच नाही’ असं इतक्यात मनाशी धरू नका.

मित्र, ज्येष्ठ सेटर आणि वेळ अशा तीन वेगळ्या अडचणी तुम्ही मांडल्यात. माझ्या मते तिन्हींचं मूळ तुमच्याच एका वाक्यात आहे: ‘मशीन अडलं की मीच जातो, कारण माझ्या हातून दहा मिनिटांत होतं, त्यांना पाऊण तास लागतो.’ कागदावर तुम्ही सुपरवायझर झालात, पण लाइनवर अजून सगळ्यात तयार सेटर म्हणूनच वावरताय. माणसांनाही तेच दिसतं. सेटर म्हणून ते तुम्हाला मानतातच, म्हणून तर मशीन अडलं की हाक मारतात. सुपरवायझर त्यांना अजून भेटलेलाच नाही, मग ऐकणार कोणाचं?

हे मी शिकलो ते नुकसान करून. सुपरवायझर होऊन तीन महिने झाले होते, सेकंड शिफ्ट होती. एका मशीनवर टेपर येत होता, म्हणजे पीस एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक होत होता, मी पाना घेऊन वाकलो तो दीड तास तिथेच. त्याच वेळी चार मशीन पलीकडे एका ट्रेनीने बोअरिंगचा इन्सर्ट (भोक कापणाऱ्या हत्याराचं बदलायचं पातं) बदलला, ऑफसेट (हत्यार किती सरकवायचं तो आकडा) जास्त दिला आणि पहिला पीस गेजला (माप तपासायच्या साधनाला) न लावता मशीन चालू ठेवलं. 32 मिलिमीटरचा बोअर (भोक), टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, 25 मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी. सायकल, म्हणजे एका पीसचा वेळ, 45 सेकंदांची. मी तिथे पोचेपर्यंत 118 पीस झाले होते आणि प्लग गेजची ‘नो गो’ बाजू, जी आत जायलाच नको, प्रत्येकात सरळ आत जात होती. बोअर मोठा झाला की रीवर्क नसतो, सगळे पीस भंगारात. मी दुरुस्त केलेलं मशीन त्या रात्री उत्तम चाललं, आणि लाइन बुडाली. त्या पोराला मी सगळ्यांसमोर झापलं. ते चुकीचं होतं हे मला दोन दिवसांनी कळलं. इन्सर्ट बदलल्यावर पहिला पीस तपासायचा असतो, हे त्याला कोणीच नीट शिकवलेलं नव्हतं. शिकवणं माझं काम होतं, आणि मला शिकवायला वेळ नव्हता कारण मी टेपर काढत होतो.

आता पुढे जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो. काही अडचणी तुमच्या हातातल्या नसतात. 22 माणसांमध्ये सेटर किती, कंत्राटी पोरं दर दोन-तीन महिन्यांनी बदलतात का, मेंटेनन्सला रात्री माणूस असतो का, आणि तुमच्या वरचे साहेब तुमचा शब्द राखतात की परस्पर ऑपरेटरला सूचना देतात, यावर बरंच ठरतं. टोयोटात साधारण पाच-सात कामगारांमागे एक टीम लीडर असतो. कामगाराने दोरी ओढून मदत मागितली की तो धावून येतो, आणि अशा काही टीम लीडरांवर एक ग्रुप लीडर असतो. आपल्याकडे हे दोन्ही हुद्दे एकाच माणसाच्या गळ्यात असतात. तेव्हा तुमची दमछाक होते यात नवल नाही. पण किती धावपळ माणसं कमी म्हणून होते आणि किती तुमच्या सवयीने, हे मोजल्याशिवाय साहेबांकडे माणूस मागायला जाऊ नका. अंदाजाने गेलात तर हात हलवत परत याल.

मोजायचं कसं? खिशात मावेल अशी छोटी डायरी घ्या. सहा दिवस, म्हणजे गुरुवारची सुट्टी ते पुढची गुरुवारची सुट्टी. प्रत्येक वेळी कोणी हाक मारली की तीन गोष्टी लिहा: किती वाजता, कोणी, कशासाठी. मोबाइलवर नको, फ्लोअरवर मोबाइल काढलेला माणूस सगळ्यांना दिसतो आणि नियम तुमच्यापासून मोडतो. संध्याकाळी घरी गेल्यावर प्रत्येक नोंदीपुढे एक प्रश्न विचारा: हे करायला सुपरवायझरच लागतो का?

मी माझ्याकडच्या नवीन मुलांना हे करायला लावायचो. प्रत्येकाची वही वेगळी, पण त्यातून निघायचं ते बरचसं सारखं. निम्म्याहून जास्त हाका चार-पाच कारणांसाठीच असतात. इन्सर्ट बदलल्यानंतरचा ऑफसेट, गेज सापडत नाही, रॉ मटेरियलची ट्रॉली आली नाही, अमुक माणूस आलाच नाही, आणि साहेबांना दर तासाचा आकडा हवा. एकदा यादी डोळ्यांसमोर आली की धावपळीचं भूत छोटं होतं. गेज सापडत नसेल तर मशीनशेजारी त्याची जागा ठरवून तिथे गेजचा आकार रंगवून ठेवा, एका दुपारचं काम आहे. ट्रॉली वेळेवर येत नसेल तर स्टोअरच्या माणसाशी एकदाच बसून वेळ ठरवा.

राहतं ऑफसेट, आणि तेच मोठं काम आहे, कारण ते शिकवण्याचं आहे. तुम्ही म्हणाल, दाखवलंय त्यांना दहा वेळा. दाखवणं आणि शिकवणं यात फरक आहे. 1940 साली अमेरिकेत युद्धसामग्रीचे कारखाने भराभर वाढत होते आणि अनुभवी कामगार पुरत नव्हते, तेव्हा तिथल्या सरकारने ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ हा कार्यक्रम काढला. तो खास तुमच्यासारख्या पहिल्या फळीच्या सुपरवायझरसाठी होता. युद्धानंतर तो जपानला गेला, टोयोटाने 1950 च्या दशकात उचलला, आणि तिथल्या शिकवण्याच्या पद्धतीचा तो आजही पाया आहे. त्यात काम शिकवायच्या चार पायऱ्या आहेत. आधी माणसाची भीती घालवा आणि त्याला काय येतं ते विचारा. मग काम टप्प्याटप्प्याने करून दाखवा, आणि प्रत्येक टप्प्यात कळीचा मुद्दा कोणता आणि तो का, हे बोला. मग त्याला करू द्या, करताकरता त्याच्या तोंडून तो मुद्दा वदवून घ्या. शेवटी त्याला कामावर सोडा, पण अडलं तर कोणाला विचारायचं ते सांगा आणि सुरुवातीला पुन्हापुन्हा जाऊन बघा. माणूस शिकला नसेल तर शिकवणाऱ्याने शिकवलेलं नाही, हे त्या कार्यक्रमाचं सूत्र होतं. माझ्या त्या 118 पीसच्या रात्रीनंतर मला ते फार खरं वाटतं.

इन्सर्ट बदलण्याचंच घ्या. सीट, म्हणजे इन्सर्ट बसतो ती जागा, हवेने साफ करायची, कारण एक बारीक चिप अडकली तरी इन्सर्ट तिरका बसतो. जुना ऑफसेट आधी लिहून ठेवायचा, म्हणजे चुकलं तर परत जाता येतं. बोअर वाढवायचा तर प्लस, कमी करायचा तर मायनस, हे त्याने तुम्हाला सांगायचं, तुम्ही त्याला नाही. पहिला पीस गेजला लावल्याशिवाय दुसरा सायकल सुरू करायचा नाही. एका माणसाला एवढं पक्कं शिकवायला साधारण पाऊण तास जातो आणि पुढचे तीन-चार दिवस पाच-पाच मिनिटं. त्या पाऊण तासात तुमच्या एका मशीनचं प्रॉडक्शन पडेल. पडू द्या. साहेबांना आदल्या दिवशी सांगून ठेवा. आठवड्याला दोन माणसं धरली तरी दोन-अडीच महिन्यांत तुमच्या डायरीतली सगळ्यात मोठी ओळ अर्ध्यावर येईल.

यात सगळ्यात अवघड काय असेल, तर तो पाऊण तास. समोरचा माणूस चाचपडत असतो, तुमचे हात शिवशिवत असतात, आणि ‘सरक, मी करतो’ हे शब्द ओठांवर आलेले असतात. मी हात पाठीमागे बांधून उभा राहायचो, अक्षरशः. तुम्हालाही तेच सुचवतो. पाना त्याच्या हातात राहिला पाहिजे.

आता मित्रांचं. इथे बरेच जण एक चूक करतात, सुपरवायझर झाल्यावर एकदम डब्याची जागा बदलतात, साहेबांच्या टेबलावर बसू लागतात. तसं करू नका, आठवड्यातून दोन-तीनदा तरी जुन्या टेबलावरच बसा. पण चार-पाच जवळच्यांशी एकेकट्याने, चहाच्या वेळी, एकदाच सरळ बोला. मी ज्या शब्दांत बोललो होतो ते सांगतो: ‘आपली दोस्ती आहे तशीच आहे. पण ओव्हरटाइम, सुट्टी आणि मशीन कोणाला कुठलं, या तीन गोष्टींत मी तुला जास्त देणार नाही आणि कमीही देणार नाही. तुला चुकीचं वाटलं तर मला बाजूला घेऊन सांग, लाइनवर नको.’ एवढंच. भाषण देऊ नका.

आणि मग तो शब्द पाळा, कारण दोस्तीत खरी फूट ओव्हरटाइमच्या वहीत पडते. तुम्ही कदाचित नकळत जवळच्यांनाच थांबायला सांगत असाल, कारण ते नाही म्हणत नाहीत. बाकीच्यांना ते दिसतं. कोणाला किती तास मिळाले हे त्यांना तोंडपाठ असतं, कारण त्यावर घरचा हप्ता चालतो. ओव्हरटाइमचा तक्ता बोर्डावर लावा, नावासमोर महिन्याचे तास, सगळ्यांना दिसेल असा. सुट्टीचंही तसंच. कोकणातल्या माणसाला गणपतीला घरी जायचंच असतं, मराठवाड्यातली पोरं सोयाबीन काढणीला जातात, कोणाची आषाढीची वारी असते, परप्रांतातून आलेल्या मुलांची छठ. हे दरवर्षी ठरलेल्या काळात येतं, तरी दरवर्षी सुपरवायझर आदल्या आठवड्यात दचकतो. जूनमध्येच सगळ्यांना विचारून दिवाळीनंतरच्या छठपर्यंतचा तक्ता करा आणि एका वेळी किती जण जाऊ शकतील तो आकडा आधीच जाहीर करा. माझ्या अनुभवात ज्या सुपरवायझरने फक्त हे दोन तक्ते प्रामाणिकपणे चालवले, त्याला आवाज चढवायची वेळ क्वचितच आली.

ज्येष्ठ सेटरांबद्दल मात्र जरा सावकाश बोलतो, कारण या प्रश्नात मला सगळ्यात जास्त काळजी त्यांची वाटते.

माझ्याही लाइनवर असेच एक होते. सगळे त्यांना मामा म्हणायचे. माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठे. मला ऑफसेट शिकवला तो त्यांनीच. माझ्या बढतीनंतर ते ‘साहेब’ म्हणू लागले, आणि तो ‘साहेब’ मला रोज टोचायचा. चार महिने मी विषय टाळला. मला वाटायचं, वेळ गेला की निवळेल. निवळलं नाही. शेवटी एका दिवशी शिफ्ट सुटल्यावर गेटबाहेरच्या टपरीवर त्यांना चहाला घेऊन गेलो आणि म्हणालो, ‘मामा, ही जागा तुमची होती असं तुम्हाला वाटत असेल, तर ते चुकीचं नाही. निर्णय मी घेतला नव्हता, पण तुमच्याशी येऊन बोलायला मी उशीर केला, तो माझा दोष.’ ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘डिप्लोमा नाही म्हणून दिली नाही, हे मला कळतं रे. पण बावीस वर्षांत मला कोणी बोलावून सांगितलंसुद्धा नाही. बोर्डावर तुझं नाव वाचलं मी.’

त्यांचं दुखणं ते होतं. त्यांचा राग पदापेक्षा त्या बोर्डावर होता.

त्यानंतर मी त्यांना शिकवण्याचं काम मागितलं. मागितलं, सोपवलं नाही. त्यांनी एक अट घातली: हे काम कागदावर यावं. रास्त अट होती. मला त्यासाठी दोन महिने साहेबांच्या मागे लागावं लागलं, पण शेवटी लाइनवरच्या कौशल्यांच्या तक्त्यावर ‘प्रशिक्षक’ म्हणून त्यांचं नाव छापून लागलं आणि महिन्याला छोटा भत्ताही सुरू झाला. पुढे त्यांनी घडवलेली पोरं आज वेगवेगळ्या कारखान्यांत सेटर आहेत.

प्रत्येक वेळी असं होत नाही, हेही सांगायला हवं. नंतर एका दुसऱ्या ज्येष्ठाशी मी असाच बोललो, पण त्यांनी ऐकून घेतलं आणि काही बदललं नाही; वर्षभराने त्यांनी स्वतःच बदली मागून दुसऱ्या लाइनवर काम घेतलं. बोलणं वाया गेलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. तुम्ही जाल तेव्हा मदत मिळवायला म्हणून जाऊ नका. त्यांचा मान कुठे दुखावला ते विचारायला जा, आणि त्यांनी सांगितलं तर मध्ये बोलू नका. केबिनमध्ये बोलावू नका, तुम्ही त्यांच्याकडे जा. आणि हो, लाइनवर सगळ्यांसमोर त्यांना ‘अहो, काका’ जे काही पूर्वी म्हणत होता तेच म्हणत राहा. पद बदललं म्हणून हाक बदलू नये.

इथवरचं एका दमात सांगायचं तर, आधी डायरी, तिच्यातून एक-दोन कामं निवडून शिकवणं, सोबत ओव्हरटाइम आणि सुट्टीचे उघडे तक्ते, आणि या आठवड्यातच ज्येष्ठांशी बोलणं. आता तुमचा शेवटचा प्रश्न, कडक व्हावं का.

दोन गोष्टींत व्हा, आणि त्यांत कोणाचीही गय करू नका, जवळच्या मित्राची तर नाहीच. पहिली सुरक्षितता: दरवाजाचा इंटरलॉक (दार उघडं असताना मशीन चालू न देणारी सोय) बायपास करून मशीन चालवणं, फिरत्या स्पिंडलजवळ हातमोजे घालून हात नेणं, चालू मशीनमधली बर (धातूचा कीस) हाताने ओढणं. इथे ‘अरे, लवकर होतं म्हणून’ हे कारण ऐकून घ्यायचंच नाही. मी एका पोराची दोन बोटं गेलेली पाहिली आहेत, त्याच्या आईसमोर उभं राहणं फार जड गेलं. दुसरी, पहिल्या पीसची तपासणी.

खराब पीस दाखवणाऱ्यावर मात्र कधीही कडक होऊ नका. हा मुद्दा नवीन सुपरवायझरला पटायला वेळ लागतो. रिजेक्शनवर आरडाओरडा सुरू झाला की खराब पीस टाकायचा लाल डबा रिकामा राहू लागतो, आणि पीस बरीच्या ट्रॉलीत, मशीनखाली, कधी डब्याच्या पिशवीतून बाहेर जातात. तुमचा आकडा सुंदर दिसतो आणि महिन्याने ग्राहकाकडून तक्रार येते. जो स्वतः येऊन म्हणतो ‘साहेब, माझ्याकडून पाच पीस गेले’, त्याला आधी ‘बरं केलंस सांगितलंस’ म्हणा, मग मशीनकडे चला. त्याच्याबरोबर उभं राहून कारण शोधा. आजूबाजूचे आठ जण ते बघत असतात आणि त्या दिवशी ते ठरवतात की आपणही सांगायचं की लपवायचं.

सुटल्यानंतरच्या दोन तासांबद्दल थोडक्यात. त्यातला बराच वेळ पुढच्या शिफ्टच्या प्रश्नांत जात असणार, कारण हँडओव्हर गेटवर चालताचालता होतो. शिफ्ट सुटायच्या पंधरा मिनिटं आधी येणाऱ्या सुपरवायझरला घेऊन लाइनवरून फिरा, मशीनसमोर उभं राहून सांगा: टूल किती पीसवर आलंय, कुठला लॉट अडकवून ठेवलाय, कोण उद्या येणार नाही. लॉगबुकमध्ये सही दोघांची. शिफ्ट घेतानाही तेच, पहिला अर्धा तास संगणकासमोर बसायचं नाही, रोज त्याच वाटेने सगळ्या मशीनवरून एक फेरी. घरी गेल्यावर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप बघायची वेळ एकच ठेवा. खरंच अडलं तर लोक फोन करतात.

साहेबांच्या तासाच्या आकड्याविषयी भांडू नका. डायरीचे सहा दिवस झाल्यावर वेळ मागून भेटा आणि म्हणा, ‘सहा दिवसांत आकड्यासाठी मी इतक्या वेळा लाइन सोडली, त्या वेळात इतके मशीन-मिनिट थांबले. शिफ्टमध्ये तीन ठरलेल्या वेळी आकडा दिला तर चालेल का? महिनाभर करून बघू.’ महिन्याची मुदत घातली की साहेब लोक सहसा हो म्हणतात. त्याच भेटीत दुसरी मागणी ठेवा, 22 जणांतून तिघांना सेल लीडर, म्हणजे छोट्या गटाचे प्रमुख, म्हणून बाजूला काढण्याची. त्यांतलं एक नाव ज्येष्ठ सेटरांचं असेल तर उत्तम, पण त्यांना आधी विचारून.

आज मंगळवार आहे. तुमची पुढची सुट्टी गुरुवारी असेल तर डायरी शुक्रवारपासून सुरू करा, आणि ज्येष्ठांना चहाला त्याआधी, उद्याच, घेऊन जा. ते काय म्हणाले ते मला जरूर लिहा. त्यावरून पुढचं बोलू.